दप्तरातली नावे



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले, की तो काय बोलणार हे श्रोत्यांनी घरून निघतानाच ठरवलेले असते. बोनस, महागाईभत्ता, कंत्राटी पद्धत, आणि शेवटी मालकवर्गाच्या नावाने दोन कडक वाक्ये. आज मी आपली ती अपेक्षा पुरी करणार नाही. जुन्या दप्तरांत हाताने लिहून ठेवलेल्या ज्या नोंदी आहेत, गावच्या जन्ममृत्यूच्या, शाळेच्या, जमिनीच्या, जहाजांच्या, त्या वाचून स्वच्छ अक्षरात उतरवून काढण्याचे काम फावल्या वेळात, पगार न घेता, साध्या माणसांनी करावे की नाही, आणि करायचे तर कसे, एवढाच माझा विषय आहे. मी इतिहाससंशोधक नाही. माझे शिक्षण बरेचसे युनियनच्या कचेरीत, रात्रीच्या दिव्याखाली झाले. तेव्हा माझ्या बोलण्यात संस्कृत वचने सापडणार नाहीत. हिशेब मात्र सापडेल.

हा विषय माझ्याकडे कसा आला ते आधी सांगतो. मुंबईचा गिरणी संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे गिरण्या बंद पडल्या, जमिनी विकल्या गेल्या, आणि फार वर्षांच्या झगड्यानंतर गिरणी कामगारांना किंवा त्यांच्या वारसांना घरे देण्याचे ठरले. 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर आपला बाप गिरणीच्या पटावर होता, हे वारसाने कागदाने दाखवायचे होते. कागद कोणता? तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्रक, पगाराची पावती, प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक, ईएसआयचे कार्ड. कोकणातून, घाटावरून म्हाताऱ्या बाया पिशव्या घेऊन येत. पिशवीत रेशनकार्ड, देवाचा फोटो आणि एखादा पिवळा पडलेला कागद. त्या कागदावरचे नाव एक, गावच्या दाखल्यावरचे दुसरे. गावात जो बाळू, तो मस्टरवर दत्ताराम. कोणी बदलीवर असताना दुसऱ्याच्याच नावाने कामाला लागलेला, आणि तेच नाव त्याला आयुष्यभर चिकटलेले. एका बंद गिरणीची हजेरीबुके रद्दीच्या भावाने गेली असे आम्हांला कळले, तेव्हा गाडी निघून गेलेली होती. तीस तीस वर्षे ज्यांनी त्या पटावर हजेरी लावली, त्यांच्या अस्तित्वाचा पुरावा किलोवर विकला गेला. त्या दिवसापासून जुना कागद दिसला की माझा हात आधी तिकडे जातो.

आता मंडळी, आपल्याकडे घराण्यांचे इतिहास नाहीत असे मुळीच नाही. सरदारांच्या कैफियती आहेत, बखरी आहेत, वतनदारांच्या वंशावळी आहेत. विसाव्या शतकात मध्यमवर्गीय घराण्यांनी आपापले कुलवृत्तान्त छापले. मोठ्या चिकाटीने केलेले काम आहे ते, त्याची थट्टा मी करणार नाही. पण ज्याला वतन नव्हते, इनाम नव्हते, ज्याची कैफियत कोणी मागितली नाही, त्याचा वंशवृक्ष कुठे शोधायचा? तो फक्त दुसऱ्याने केलेल्या यादीत सापडतो. सारा घेणाऱ्याच्या यादीत, मेलेल्यांच्या यादीत, जहाजावर चढवलेल्यांच्या यादीत. या याद्या त्याच्या प्रेमापोटी केलेल्या नाहीत. इंग्रजांनी 1852 मध्ये इनाम कमिशन नेमले आणि इनामांचे कागद तपासायला घेतले, ते इतिहासाच्या आवडीने नव्हे, महसूल वाढावा म्हणून. तरीही यादी ती यादी. तिच्यात नाव असते.

एक नमुना पाहा. गावच्या जुन्या जन्ममृत्यूच्या रजिस्टरात आडनाव पुष्कळदा नसतेच. 'रामा बिन सखाराम', म्हणजे सखारामचा मुलगा रामा. बाईची नोंद 'भागीरथी कोम गणू', म्हणजे गणूची बायको भागीरथी. 'बिन' आणि 'कोम' या दोन शब्दांवर सगळा संसार तोललेला आहे. मुलगा बापाच्या नावाला बांधलेला, बायको नवऱ्याच्या. भागीरथी कोणाची मुलगी, कोणत्या गावची, हे तिथे बहुधा नाही. म्हणून आपण ज्याला घराण्याचा इतिहास म्हणतो तो अर्ध्या घराचा इतिहास असतो. बायांची माहेरे शोधायची तर दुसऱ्या गावचे, दुसऱ्या सालचे रजिस्टर लागते, आणि ते कोणी उतरवून सूची केली असेल तरच लागते.

मग पुढच्या ओळी येतात. दगडू, धोंडू, उकिरड्या. आपल्याला ही नावे हास्यास्पद वाटतात. पण तीच नोंदवही चार पाने मागे चाळली, की त्याच बापाच्या नावावर आधी गेलेली मुले दिसतात: ताप, देवी, पटकी. मूल राहत नाही म्हणून त्याला दगडधोंड्याचे नाव द्यायचे, म्हणजे काळाला त्याची किंमत वाटणार नाही, तो सोडून जाईल. हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु ऐकणे निराळे आणि एकाखाली एक तीन नोंदी स्वतःच्या हाताने उतरवणे निराळे. 'नकुसा' हे नावही तसेच, फक्त त्यात काळाला फसवायचे नसून मुलीलाच नको म्हटलेले आहे. ते फार जुनेही नाही. साताऱ्याला 2011 मध्ये अशा नावाच्या मुलींना समारंभाने नवी नावे द्यावी लागली.

जमिनीच्या आणि वतनाच्या तंट्यांचे जे महजर आहेत, त्यांविषयी मला थोडे अधिक बोलू द्या, कारण आमच्या धंद्याच्या माणसाला त्याहून आनंदाचा कागद दुसरा नाही. महजर म्हणजे गोतसभेने, गावकीने बसून केलेला निवाडा, खाली हजर असलेल्यांच्या साक्षी. लिहिता येणारा सही करी. ज्याला येत नसे तो आपली निशाणी काढी; आणि ही निशाणी म्हणजे आजच्यासारखा अंगठा नव्हे. कुणबी, पाटील नांगर काढी. न्हावी आरसा काढी. सुतार आपले हत्यार, महार आपला दोर. ज्याच्या कामावर गाव चाले, त्याने त्या कामाचे चित्रच सहीच्या जागी ठेवलेले! अंगठ्याच्या ठशाने माणूस ओळखू येतो, पण तो काय करीत होता ते कळत नाही. नांगराने कळते. पुढे कोर्टकचेऱ्या आल्या, अंगठा आला, आणि 'निशाणी डावा अंगठा' एवढ्यावर सगळे कारागीर सारखे झाले. उतरवणाऱ्याने इथे जपायचे असते. 'सही' असे लिहून मोकळे व्हायचे नाही. 'नांगराची निशाणी' असेच लिहायचे, आणि जमल्यास बाजूला ती काढून दाखवायची.

ही दप्तरे बहुतेक मोडीत आहेत. मोडी म्हणजे काय हे या सभेतल्या ज्येष्ठांना सांगायला नको. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळेत शिकवीत असत. बोरू न उचलता लिहिण्याची लिपी. आधी कागदभर रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरे लटकवीत जायचे. ऱ्हस्वदीर्घ नाही, विरामचिन्हे नाहीत, शब्दांत अंतर नाही, अनुस्वार लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. कारकुनाला ती सोयीची होती, वाचणाऱ्याची परीक्षा होती. 30 ऑगस्ट 1773 ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्याच्याभोवती 'ध' चा 'मा' झाल्याची गोष्ट आपल्याकडे सांगतात: 'धरावे' चे 'मारावे' केले म्हणून. ती खरी की मागून रचलेली, यावर विद्वानांनी वाद घालावा. पण एका अक्षराने माणूस मरतो हे आमच्या लोकांनी त्या गोष्टीत बरोबर पकडले आहे. आणि एका अक्षराने माणूस वारसाहक्कातून उठतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

अक्षर लागले तरी तारीख अडवते. पेशवाईतल्या कागदावर साल अरबी शब्दांत येते. 'इहिदे सितैन मया व अलफ'. नवा माणूस पाहून घाबरतो. त्यात घाबरण्याजोगे काही नाही. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. बेरीज 1161. हे सुहूर सन. मृग नक्षत्र लागते तेव्हा ते बदलते, म्हणून त्याला मृगसाल म्हणत. जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला 600. पानिपतचे युद्ध 14 जानेवारी 1761 चे: 1161 आणि 600. बसले की नाही? पहिल्या पाढ्यापेक्षा हे अवघड नाही, आणि गिरणीतला लाइनजॉबर याहून बिकट हिशेब तोंडी करीत असे. शक असेल तर 78 मिळवा, फसली असेल तर 590 किंवा 591.

ज्यांनी हे काम आधी केले त्यांचे नाव घ्यावे लागेल. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव पायपीट करून कागद जमवीत फिरले. वाईला मिळालेल्या कागदांतून त्यांचा पहिला खंड 1898 मध्ये निघाला. 1910 मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. पेशवे दप्तरातून रियासतकार सरदेसायांनी 1930 ते 1934 या काळात 45 खंड काढले. हे डोंगराएवढे काम आहे. पण त्यांनी निवडले ते राजकारणाचे कागद: मोहिमा, तह, पत्रव्यवहार. ते स्वाभाविकच होते. त्यांना मराठ्यांचा इतिहास उभा करायचा होता, दगडूच्या बापाचे नाव शोधायचे नव्हते. ते काम शिल्लक राहिले, आणि ते इतके अफाट आहे, की एका राजवाड्याने होणारे नाही. त्याला हजार साधी माणसे लागतात.

हजार माणसांनी मिळून हे काम होते का? होते. इंग्लंडात 1 जुलै 1837 पासून सरकारी जन्म, विवाह, मृत्यू नोंदणी सुरू झाली. तिच्या सूचीची जाडजूड बुके, जुनी हाताने लिहिलेली. 1998 मध्ये तिकडच्या काही मंडळींनी 'फ्रीबीएमडी' नावाचा उद्योग काढला: स्वयंसेवकांनी घरी बसून पान वाचायचे, संगणकावर उतरवायचे, आणि ते कोणालाही फुकट पाहायला ठेवायचे. आज तिथे कोट्यवधी नोंदी आहेत. अमेरिकेची 1940 सालची शिरगणती 72 वर्षांची मुदत संपल्यावर 2 एप्रिल 2012 ला खुली झाली. 13 कोटींहून अधिक नावे. दीड लाखाहून अधिक स्वयंसेवकांनी पाच महिन्यांच्या आत त्यांची सूची पुरी केली. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटले, एवढी माणसे एका कामावर लावायची तर आम्हांला किती सभा घ्याव्या लागल्या असत्या!

त्यांच्या पद्धतीत एक नियम आहे, तो मला फार आवडला: दिसते तेच लिहा. मूळ कारकुनाने चूक केली असली तरी ती दुरुस्त करू नका. अक्षर लागत नसेल तर अंदाजाने भरू नका, तिथे ठरलेली खूण करा. एका अक्षराची शंका असेल तर एक खूण, अनेकांची असेल तर दुसरी. आणि अनेक ठिकाणी असे करतात, की एकच पान दोघांना एकमेकांच्या नकळत द्यायचे. दोघांचे जुळले तर ठीक, नाही तर तिसऱ्याने मूळ पाहून निवाडा करायचा. म्हणजे गोतसभाच झाली ही.

आपल्याकडे हा नियम पाळणे अधिक कठीण आहे, आणि त्याचे कारण लिपी नव्हे. जुन्या नोंदींत एकाचे नाव 'महादजी' असते, दुसऱ्याचे 'म्हाद्या'. एकाला राव, पंत, जी; दुसऱ्याचे नाव मोडून टाकलेले. जातीच्या रकान्यात असे शब्द, की जे आज आपण उच्चारणार नाही, आणि उच्चारू नयेतच. सुशिक्षित स्वयंसेवकाचा हात इथे अडखळतो. त्याला वाटते, 'म्हाद्या' चे 'महादेव' करावे, वाईट दिसते. मनाने चांगला आहे बिचारा. पण त्याने तसे करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. म्हाद्याला म्हाद्या कोणी म्हटले हा त्या कागदातला सगळ्यांत महत्त्वाचा पुरावा आहे. आपण तो पुसला, तर अपमान करणारा सुटतो आणि ज्याचा अपमान झाला त्याला नातू शोधायला आला तरी सापडत नाही. कारण नातू 'महादेव' शोधील, आणि मूळ पान पाहायला मागेल तेव्हा तिथे महादेव नसेलच.

आता हे कशासाठी, असे कोणी विचारील. हौस म्हणून? हौस असायला हरकत नाही. परंतु महाराष्ट्रात आज जुनी नोंद ही भाकरीची गोष्ट झालेली आहे. जातपडताळणीसाठी अनुसूचित जातींच्या माणसाला 1950 पूर्वीचा, भटक्याविमुक्तांना 1961 पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना 1967 पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, गाव नमुना 14, कोतवाल बुक, फेरफार. ज्याचा आजा शाळेतच गेला नाही, ज्याला जमीन नव्हती, जो वर्षातून चार गावे फिरला, त्याने कुठला उतारा आणायचा? सप्टेंबर 2023 मध्ये सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली, आणि एकाएकी साऱ्या महाराष्ट्राला मोडी वाचणारा माणूस पाहिजे झाला. त्या मागणीच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलायला मी उभा नाही. मला एवढेच दिसले, की कपाटे उघडल्यावर लक्षावधी नोंदी निघाल्या. त्या तिथेच होत्या. मोडीत होत्या, मराठवाड्यात उर्दूत होत्या, आणि वाचणारे नव्हते.

इथे आमच्या चळवळीतले मित्र मला अडवतात, आणि त्यांचे अडवणे रास्त आहे. ते म्हणतात, काय हो, जन्मभर तुम्ही सांगितलेत की कामाला दाम पाहिजे, आणि आता फुकट काम करायला सांगता? ही वेठबिगारी नव्हे काय? याचे उत्तर मी असे देतो. सरकारी कचेरीला आपल्या कामासाठी मोडी वाचणारा पाहिजे असेल, तर तिने तो पगारावर नेमावा. त्या खुर्चीवर स्वयंसेवक बसवणे म्हणजे कोणाच्या तरी पोटावर पाय. एखाद्या कंपनीला नोंदी विकायच्या असतील, तर तिने पानामागे मजुरी द्यावी. पण जे उतरवले ते गावाच्या वाचनालयात सगळ्यांना उघडे राहणार असेल, आणि ज्याने उतरवले त्यालाही ते पाहायला पैसे पडणार नसतील, तर ती बिगार नाही. गावची विहीर खणायला सगळे उतरतात, त्याला कोणी बिगार म्हणत नाही. मात्र विहीर खणल्यावर तिला कुलूप लागणार नाही हे आधी लेखी ठरवून घ्यावे. आम्ही संघटनेत शिकलो ते हे: करार आधी, काम मग.

यंत्राविषयीही विचारतात. आता यंत्र हस्ताक्षर वाचू लागले आहे. अमेरिकेची 1950 ची शिरगणती 1 एप्रिल 2022 ला खुली झाली, तिची पहिली सूची यंत्रानेच केली आणि माणसांनी ती तपासली. मोडीसाठीही असे प्रयत्न चालू आहेत. चांगले आहे. माग आला तेव्हा विणकराचे काय झाले हे मला ठाऊक आहे, तरीही मी या यंत्राला विरोध करणार नाही. कारण यंत्राला मोडी शिकवायची तर आधी माणसाने बिनचूक उतरवलेली हजारो पाने त्याच्यापुढे ठेवावी लागतात.

मॉरिशसचे एक उदाहरण सांगून कामाच्या गोष्टीकडे वळतो. 1834 पासून हिंदुस्थानातून सुमारे साडेचार लाख माणसे करारावर तिथे उसाच्या मळ्यांत नेली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणी, घाटी मराठी लोकही होते. प्रत्येकाला एक क्रमांक, त्यापुढे नाव, बापाचे नाव, जात, वय, गाव, जहाज. ही रजिस्टरे तिथल्या मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेली आहेत. लिहिणारा कारकून परका. त्याला रत्नागिरी म्हणता येईना, तो 'रटनाघेरी' लिहिणार. मग माणसांच्या नावांची काय कथा! तिकडचा मराठी पोरगा पणजोबाचे गाव शोधायला इकडे येतो तेव्हा त्याच्या हातात ते वेडेवाकडे नाव असते. ते कोणते गाव हे सांगायला तिथला विद्वान उपयोगी नाही. त्या तालुक्यातल्या वाड्या पायाखाली घातलेला एसटीचा कंडक्टर अधिक उपयोगी. आणि गावात आल्यावर जुने रजिस्टर लागते, ते इकडच्यांनी उतरवलेले असले तरच दोन टोके जुळतात.

तेव्हा आपल्या गावापुरते बोलू. मूळ बुक कधीही घरी न्यायचे नाही. हेडमास्तरांच्या, ग्रामसेवकाच्या लेखी परवानगीने तिथेच फोटो घ्यायचे. फोटोवर बुकाचे नाव, साल, पान लिहायचे, नाहीतर महिन्याभरात कोणते पान कुठले हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. एक पान दोघांनी. शाईचा रंग बदललेला, खाडाखोड दिसली, तर तसे शेऱ्यात नोंदवायचे; खोट्या नोंदी घुसवण्याचे प्रकार झालेले आहेत, आणि आपल्या नकलेने खोट्याला खरेपणा मिळता कामा नये. हयात माणसांच्या नोंदी उघड्या करायच्या नाहीत. अमेरिकेने शिरगणतीला 72 वर्षे ठेवली, इंग्लंडने 100. आपण शंभर धरू. शाळेच्या पटावरच्या नोंदी त्याहून अलीकडच्या असतील, तर त्या उतरवून ठेवाव्यात, पण ज्याच्या त्यालाच दाखवाव्यात.

मोडीचे वर्ग सरकारचे पुराभिलेख खाते वेळोवेळी घेते. पंधरा दिवसांत मुळाक्षरे लागतात. लपेटीचे मोडी लागायला सहा महिने धरून चाला. बोरूची गरज नाही, शाळेची पाटी चालेल. निवृत्त शिक्षक, तलाठी, पोस्टातले लोक या कामाला उत्तम, कारण वाईट अक्षर वाचण्यात त्यांचा जन्म गेलेला असतो. सुरुवात मृत्यूच्या रजिस्टरापासून करावी असे मी सुचवीन. जन्माचा दाखला मागायला लोक येतात, त्यामुळे ते बुक निदान वर्षातून चार वेळा उघडले जाते. मृत्यूचे बुक कोणी मागत नाही; ते कपाटाच्या तळाशी असते, आणि वाळवी तळापासून वर चढते.